ओढून कापणारी करवत

सुतार कामाला बसला म्हणजे त्याच्या करवतीचा आवाज दुरूनही ओळखू येतो. हाताचा सारा भार देऊन तो करवत पुढे रेटतो आणि मग ती हलकेच मागे घेतो. पुढे रेटताना लाकूड कापले जाते व फळीखाली भुसा सांडतो. मागे येताना करवत केवळ पुढच्या फेरीची तयारी करीत असते. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या करवतीचे दाते पुढच्या टोकाकडे झुकलेले असतात, त्याचे कारण हेच होय.

जपानमधील सुताराची करवत नेमकी याच्या उलट वागते. तिचे दाते दांड्याकडे, म्हणजे कापणाऱ्याच्या अंगाकडे, झुकलेले असतात. ती पुढे जाताना लाकडावरून नुसती सरकते आणि मागे ओढताना कापते. जपानी भाषेत करवतीला ‘नोकोगिरी’ म्हणतात आणि ती चालविण्याच्या क्रियेला ‘हिकु’ म्हणतात. मौज अशी की, ‘ओढणे’ या अर्थाचा जपानी शब्दही उच्चाराने ‘हिकु’ असाच आहे.

ढकलण्याऐवजी ओढले, एवढ्याने असा काय मोठा फरक पडणार, असे प्रथम कोणालाही वाटेल. परंतु या एका गोष्टीने करवतीचे सारे रूपच पालटून गेले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी एक साधा प्रयोग करून पाहावा. वर्तमानपत्राची वीतभर लांबीची एक अरुंद पट्टी कापून घ्यावी. तिचे एक टोक भिंतीला टेकवावे आणि दुसरे टोक धरून ती भिंतीकडे ढकलावी. पट्टी तत्काळ मध्येच वाकेल. आता तीच पट्टी दोन्ही टोकांना धरून ताणावी. ती काठीसारखी सरळ उभी राहील. विहिरीवरच्या पोहऱ्याची दोरी हेच सांगते. भरलेला पोहरा दोरीने वर ओढता येतो. दोरीने तो खाली ढकलू म्हटले तर ते कोणालाही साधणार नाही.

लोखंडाच्या पात्यालाही हाच नियम लागू पडतो. जी करवत ढकलावयाची, तिचे पाते जाड असावेच लागते. नाही तर लाकडात अडकताक्षणीच ते वाकेल. याउलट जी करवत ओढावयाची, तिचे पाते ओढीच्या ताणानेच सरळ राहते. म्हणून ते कितीतरी पातळ ठेवता येते. नाजूक कामाच्या जपानी करवतीचे पाते सुमारे 0.3 मिलिमीटर जाडीचे असते. पोस्टकार्डाची जाडी डोळ्यांपुढे आणली म्हणजे त्याची कल्पना येईल.

पाते पातळ असले की त्याने पडणारी चीरही बारीक असते. चीर बारीक म्हणजे खरवडून काढावयाचे लाकूड कमी. लाकूड कमी म्हणजे हाताचे श्रमही कमी. शिवाय भुसा होऊन वाया जाणारे लाकूड वाचते ते वेगळेच. समजा, एका ठोकळ्यापासून 4 मिलिमीटर जाडीच्या वीस पट्ट्या कापावयाच्या आहेत. त्यासाठी एकोणीस काप घ्यावे लागतील. चीर दीड मिलिमीटर रुंद असेल, तर 28.5 मिलिमीटर लाकडाचा भुसा होईल. चीर अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर केवळ 9.5 मिलिमीटर लाकूड जाईल, आणि त्याच ठोकळ्यातून आणखी चार पट्ट्या निघतील.

ओढून कापण्याची ही युक्ती जपानी लोकांनीच प्रथम शोधून काढली, असे मात्र नव्हे. प्राचीन इजिप्तमधील सुतार तांब्याच्या करवती वापरीत, आणि त्याही ओढूनच कापीत असत. तांबे मऊ, ते ढकलले तर वाकणारच. पुढे पोलाद आले, पाती जाड व मजबूत झाली आणि अनेक देशांत ढकलून कापण्याची रीत रूढ झाली. जपानी कारागिरांनी पोलाद हाती असूनही ओढण्याची रीत सोडली नाही. उलट तिचा जेवढा लाभ घेता येईल तेवढा घेतला. तेथील घरे व देवळे मुख्यतः सुगी आणि हिनोकी या वृक्षांच्या लाकडाची असत. हे लाकूड मऊ व सरळ रेषांचे असते. पातळ पात्याला ते चांगलेच मानवले.

तथापि, जपानातील सर्वच करवती लहान होत्या असे कोणी समजू नये. होर्यूजी हे तेथील सातव्या शतकात स्थापन झालेले मंदिर. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती आजही तेथे उभ्या आहेत. त्या काळी मोठ्या ओंडक्याच्या उभ्या फळ्या पाडण्याची करवत जपानात नव्हती. ओंडक्यात ओळीने पाचरी ठोकून तो फोडीत, मग तासून सपाट करीत आणि शेवटी भाल्याच्या पात्यासारख्या एका हत्याराने त्यावरून हात फिरवीत. या रीतीला सरळ वाढलेले, गाठी नसलेले झाडच लागे, कारण वेडेवाकडे लाकूड पाचरीने वेडेवाकडेच फुटते. पुढे, पंधराव्या शतकाच्या सुमारास, दोन माणसांनी मिळून ओढावयाची ‘ओगा’ नावाची मोठी करवत प्रचारात आली. आता गाठाळ झाडाच्याही सरळ फळ्या पाडता येऊ लागल्या.

होकुसाई या विख्यात चित्रकाराने (1760 ते 1849) फुजी पर्वताच्या चित्रमालेत एका ठिकाणी लाकूड चिरणारे मजूर रंगविले आहेत. घोड्यांवर तिरपा टेकविलेला एक प्रचंड ओंडका आहे. एक जण त्यावर उभा राहून करवत ओढीत आहे, दुसरा खालच्या बाजूने चिरीत आहे. बाजूला बसलेला एक जण करवतीच्या दात्यांना धार लावण्यात गढून गेला आहे. मागे फुजी पर्वत दिसतो, पण पाहणाऱ्याची नजर आधी ओंडक्याकडेच जाते.

या अजस्र करवतींची कामे आता यंत्रांनी उचलली आहेत. लहान करवती मात्र कारखान्यांच्या काळातही टिकून राहिल्या. एवढेच नव्हे, तर समुद्र ओलांडून जगभरच्या घरांत पोहोचल्या. त्यांतील तीन-चार प्रकार तरी ओळखीचे असावेत.

सर्वांत परिचित ती ‘ऱ्योबा’. ऱ्योबा म्हणजे दोन धारांची. हिच्या पात्याच्या दोन्ही कडांना दाते असतात. एका कडेचे बारीक, दुसऱ्या कडेचे मोठे. हे दोन प्रकारचे दाते कशाला हवेत? उसाचे कांडे आठवावे. उसाची साल उभी सोलली तर दातांनीही लांबच लांब निघते. पण ऊस आडवा तोडावयाचा झाला तर कोयताच लागतो. लाकडातही तंतू असेच एका दिशेने धावत असतात. फळी तंतूंच्या दिशेने चिरणे हे एक काम आणि तंतू आडवे छेदणे हे दुसरे. उभ्या कापासाठी ऱ्योबाचे मोठे दाते असतात. त्यांतील प्रत्येक दाता म्हणजे जणू एक इवलीशी पटाशी. ती तंतू खरवडीत जाते. आडव्या कापाचे दाते बारीक असून त्यांतील प्रत्येकाला चाकूसारखी धार असते. ते चिरेच्या दोन्ही बाजूंचे तंतू आधी छेदतात आणि मग मधला भाग आपोआप सुटतो. आडव्या कापासाठी चुकून मोठे दाते वापरले, तर लाकडाच्या कडेच्या चिंध्या होतात. ऱ्योबा फार जुनी नाही; मेइजी काळात (1868 ते 1912) ती सर्वत्र पसरली.

‘दोझुकी’ ही सर्वांत नाजूक. लाकडाचे सांधे करताना कुसवाची खांदोळी काटेकोर कापावी लागते, तेव्हा ती हातात घेतात. तिचे पाते इतके पातळ असते की ओढीच्या ताणावरही केवळ विसंबून चालत नाही. म्हणून पाठीवर पोलादाची एक जाड पट्टी बसविलेली असते. या पाठीमुळेच ती फार खोल कापू शकत नाही. पट्टी लाकडाला टेकली की काम संपले.

‘कुगिहिकी’चे पाते लवचीक असते आणि तिच्या दात्यांना फाक नसते. साध्या करवतीचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित फाकविलेले असतात, त्यामुळे चीर पात्याहून थोडी रुंद पडते व पाते अडकत नाही. कुगिहिकीत हे मुद्दाम टाळलेले असते. लाकडी खुंटीचे वर आलेले टोक फळीच्या पृष्ठाबरोबर कापावयाचे, आणि तसे करताना फळीवर ओरखडा उठू द्यावयाचा नाही, हे तिचे काम. ‘आझेबिकी’ तर दिसण्यातच निराळी आहे. तिचे पाते आखूड आणि कड बाहेर फुगलेली. त्यामुळे फळीच्या कडेपासून सुरुवात न करता थेट मध्येच काप घेता येतो.

या सर्वांचा दांडा लांब व सरळ असतो आणि त्यावर बहुधा वेताची पट्टी गुंडाळलेली असते. जपानी सुतार पूर्वी उंच मेजाशी उभा राहून काम करीत नसे. बुटक्या घोड्यांवर लाकूड ठेवावयाचे, पायाने ते दाबून धरावयाचे आणि दोन्ही हातांनी दांडा धरून करवत आपल्याकडे ओढावयाची, अशी त्याची रीत. भक्कम मेज नाही, शिकंजा नाही, अशा घरातही म्हणूनच ही करवत चालते. सुटीच्या दिवशी घरी सुतारकाम करणाऱ्या हौशी माणसाला जपानी भाषेत ‘निचियो दाइकु’, म्हणजे ‘रविवारचा सुतार’, असे गमतीदार नाव आहे.

या करवतीला काही लोक जादूची वस्तू मानतात. तशी ती नाही. तिचा भुसाही कापणाऱ्याच्याच बाजूला ओढला जातो आणि आखलेली रेघ झाकून टाकतो. बाभूळ किंवा शिसव यांसारख्या कठीण लाकडात तिचे बारीक दाते तुटण्याचे भय असते. पुढे नेताना कोणी सवयीने जोर दिला, तर पातळ पाते वाकून त्याला कायमचा मोड पडतो. ज्या पातळपणामुळे ती चांगली कापते, त्याच पातळपणामुळे ती लवकर दुखावतेही.

आणि दुखावली तर ती सुधारणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. दोन दात्यांमधील अंतर दीड मिलिमीटर धरले, तर 240 मिलिमीटर लांबीच्या पात्यावर 160 दाते येतात. आडव्या कापाच्या जपानी दात्याला दोन बाजूंच्या दोन आणि टोकाची एक अशा तीन धारा असतात. म्हणजे एका कडेला धार लावताना कानस किमान 480 वेळा अचूक फिरवावी लागते. एखादा दाता जरी इतरांपेक्षा उंच राहिला, तरी करवत उड्या मारीत चालते. हे काम करणारा कारागीर वेगळाच असे. त्याच्या विद्येला ‘मेताते’ म्हणतात. लाकूड मऊ की कठीण, हे पाहून तो दात्यांचा कोन ठरवी, ठोकून फाक देई, वाकलेले पाते ठोकून सरळ करी. सुतार आपली करवत त्याच्याकडे वर्षानुवर्षे देत असे. चांगली करवत पिढ्यान्‌पिढ्या टिके. मात्र प्रत्येक वेळी कानशीने थोडे पोलाद झिजे आणि पाते हळूहळू अरुंद होत जाई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हे चित्र पालटले. विजेच्या जलद बदलणाऱ्या प्रवाहाने केवळ दात्यांची टोके क्षणात तापवून कठीण करण्याची रीत निघाली. अशा पात्यांच्या दात्यांवर निळसर काळी छटा दिसते. हे दाते साध्या दात्यांहून कितीतरी अधिक काळ धार धरून ठेवतात. पण ते इतके कठीण असतात की त्यांच्यावर कानसच चालत नाही. धार गेली की स्क्रू सैल करावयाचा, जुने पाते काढून टाकावयाचे आणि त्याच दांड्यात नवे बसवावयाचे. शिकाऊ मुलाला आणि रविवारच्या सुताराला याने मोठीच सोय झाली. मेताते न जाणणाऱ्याच्या हातीही सदैव तीक्ष्ण करवत राहू लागली. परंतु धार लावणाऱ्या कारागिरांकडे येणाऱ्या करवती कमी झाल्या, आणि ती विद्या जाणणारे आता थोडेच उरले आहेत. जी करवत नातवापर्यंत पोहोचावयाची, तिचे पाते आता काही महिन्यांत मोडीत जाते. ह्योगो प्रांतातील मिकी हे गाव अनेक शतके हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे आजही करवती तयार होतात. तेथून जवळच असलेल्या कोबे शहरात 1984 साली सुतारांच्या हत्यारांचे एक संग्रहालय स्थापन झाले. हाताने घडविलेल्या जुन्या करवती तेथे पाहावयास मिळतात.

जपानमधील बारा-तेरा वर्षांची मुले शाळेत ऱ्योबा वापरावयास शिकतात. पुस्तके उभी ठेवण्याची लहानशी मांडणी हा तेथील मुलांचा आवडता पहिला प्रयत्न असतो. एक तळफळी, दोन बाजूंच्या फळ्या आणि मागची एक अरुंद पट्टी एवढेच तिचे भाग. पण तेवढ्यातही उभा आणि आडवा असे दोन्ही काप येतात. सुगीच्या जागी साध्या देवदारी खोक्याची फळीही चालू शकेल.

प्रथम गुण्या लावून रेघ आखावी लागते, आणि तीही केवळ वरच्या बाजूला नव्हे, तर फळीच्या कडांवरही. दोन भागांच्या मध्ये सुमारे 3 मिलिमीटर जागा सोडतात. चिरेत जाणारे लाकूड आणि नंतर रंध्याने निघणारा पापुद्रा यांचा हा हिशेब असतो. तो विसरला तर फळी आखूड पडते, आणि आखूड पडलेली फळी कोणत्याही हत्याराने लांब करता येत नाही.

मग फळी घट्ट दाबून धरावयाची. सुरुवात करवतीच्या दांड्याजवळच्या दात्यांनी होते. पात्याला बाजूने अंगठ्याच्या पेराचा आधार देऊन, अगदी हलक्या हाताने दोन-तीन वेळा ओढले की रेघेवर एक बारीक खाच पडते. खाच पडताच अंगठा दूर घेतला जातो. दात्यांच्या वाटेत बोट ठेवणारा मूर्ख ठरतो. त्यानंतर लांब, संथ ओढ. पातळ फळीला करवत 15 ते 30 अंशांत तिरपी धरतात, जाड फळीला त्याहून उभी. कापणाऱ्याचे डोके पात्याच्या बरोबर वर असावे लागते. ते एका बाजूला कलले तर पातेही कलते, आणि चीर वरून सरळ दिसली तरी खालून भलतीकडेच गेलेली असते.

पहिल्या प्रयत्नात नेमके हेच घडते. मुलाच्या ध्यानात येते की चीर रेघ सोडून चालली आहे. तो घाईने करवत पिरगाळून तिला रेघेवर आणू पाहतो, आणि पाते मध्येच अडकून बसते. जोर लावला तर ते वाकणार. अशा वेळी करवत काढून घेऊन थोडे मागे यावयाचे, सरळ चिरेत पुन्हा हलक्या हाताने सुरुवात करावयाची, अथवा फळी उलटी करून दुसऱ्या बाजूच्या रेघेवरून काप घ्यावयाचा. दुसऱ्या बाजूला आखलेली रेघ तेव्हा उपयोगी पडते. काप संपत आला की ओढ अगदी हलकी करतात आणि सुटणारा तुकडा हाताने सावरून धरतात. नाही तर तो आपल्याच भाराने मोडतो व शेवटच्या तंतूंची सालपटे फळीला लागून राहतात.

मागच्या पट्टीसाठी ऱ्योबा उलटी करून मोठ्या दात्यांची कड घेतात. हा उभा काप लांब असतो; हात दुखू लागतो. पण दाते दांड्याकडे लहान आणि टोकाकडे क्रमाने मोठे असे घडविलेले असल्याने सुरुवात तरी जड जात नाही. काम झाल्यावर पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवितात. जपानी कारागीर यासाठी कामेलियाच्या बियांचे तेल वापरतात.

फळ्या जोडण्यासाठी खिळेही चालतात. परंतु हौस असेल तर गिरमिटाने भोके पाडून त्यांत बांबूच्या बारीक खुंट्या ठोकतात. प्रत्येक खुंटीचे थोडे टोक फळीच्या वर उरते. तेथे कुगिहिकीचे पाते फळीवर सपाट टेकवावयाचे, एका हाताने ते वरून हलकेच दाबून धरावयाचे आणि दुसऱ्या हाताने दांडा ओढावयाचा. चार-पाच ओढींत टोक गळून पडते, आणि लाकडावर बांबूचा एक लहान गोल ठिपका तेवढा उरतो.